राहिलेले आठ टक्के

विज्ञानाचा इतिहास आपण बहुतेक वेळा काय सापडलं या अंगानं ऐकतो. आज उलट बाजूनं पाहू या. जे वाचताच येत नव्हतं, त्याचं काय झालं?

26 जून 2000 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी व्हाइट हाउसमधून मानवी जीनोमचा पहिला आराखडा तयार झाल्याचं जाहीर केलं. एप्रिल 2003मध्ये प्रकल्प पूर्ण झाल्याची घोषणा झाली. त्या ‘पूर्ण’ जीनोममधला सुमारे 8 टक्के भाग मात्र कोराच होता. शास्त्रज्ञांनी हे लपवलं नव्हतं. आपल्यापर्यंत पोचला तो फक्त ‘पूर्ण’ हा शब्द.

हा भाग का राहिला? जीनोम म्हणजे सुमारे 300 कोटी अक्षरांची पोथी, आणि लिपीत अक्षरं चारच. फ्रेडरिक सँगर यांच्या 1977च्या पद्धतीनं एका दमात काहीशे, फार तर हजारभर अक्षरं वाचता येत. नंतरची यंत्रं पुष्कळ स्वस्त आणि वेगवान झाली, पण त्यांचा एकेक तुकडा बहुधा शे-दीडशे अक्षरांचा. म्हणजे पोथीचे कपटे करायचे आणि सारख्या शब्दांवरून ते पुन्हा जुळवायचे. आता समजा, एखाद्या पदात पालुपद हजार वेळा आलंय आणि हातातल्या कपट्यांवर नुसतं पालुपदच आहे. कुठला कपटा कुठल्या कडव्यानंतरचा, हे कसं ठरवणार?

गुणसूत्रांतले सेंट्रोमिअर असेच असतात. 171 अक्षरांचा एक तुकडा, थोड्याफार फरकानं, लाखो अक्षरांपर्यंत पुन्हा पुन्हा येतो. पेशीचं विभाजन होताना गुणसूत्रांची नीट वाटणी होते ती याच जागेच्या आधारानं. इतकी महत्त्वाची जागा, आणि नकाशावर कोरी!

उपाय दोन वाटांनी आला. डेव्हिड डीमर यांनी 1989मध्ये वहीत एक कल्पना मांडली: डीएनएचा धागा अतिसूक्ष्म छिद्रातून ओढायचा आणि विजेच्या प्रवाहातल्या बदलावरून अक्षर ओळखायचं. त्यातून उभं राहिलेलं, हातात मावणारं ‘मिनआयन’ हे यंत्र 2014मध्ये संशोधकांकडे पोचलं. दुसरी वाट ‘पॅकबायो’ची. तिथं डीएनएची नक्कल होत असतानाच प्रकाशाच्या खुणांवरून अक्षरं टिपली जातात. दोन्हीकडे हजारो अक्षरं सलग मिळत, पण सुरुवातीला चुका फार होत. पुढे पॅकबायोनं तोच तुकडा गोल करून अनेकदा वाचायची युक्ती काढली आणि 2019पर्यंत अचूकता 99.8 टक्क्यांवर नेली.

मग 31 मार्च 2022 रोजी कॅरन मिगा आणि ॲडम फिलिपी यांच्या पुढाकारातल्या गटानं मानवी जीनोम टोकापासून टोकापर्यंत वाचल्याचं प्रसिद्ध केलं. सुमारे 20 कोटी अक्षरांची भर पडली. वाय गुणसूत्र तेवढं राहिलं होतं, ते 2023मध्ये झालं. जुन्या नकाशात त्याचा निम्म्याहून अधिक भाग नव्हता.

आता यात रुग्णाचा काय संबंध? सी-नाइन-ओआरएफ-72 नावाचं जनुक घ्या. त्यात सहा अक्षरांचा एक तुकडा सहसा मोजक्या वेळा येतो. काही माणसांत तो शेकडो, कधी हजारांहून जास्त वेळा येतो, आणि त्यातून एएलएस हा स्नायू निकामी करणारा मज्जासंस्थेचा आजार किंवा एक प्रकारचा स्मृतिभ्रंश होऊ शकतो. दीडशे अक्षरांच्या कपट्यावरून ही मोजणी होणार कशी? त्यासाठी वेगळी चाचणी आहे, पण ती करायला आधी याच जनुकाचा संशय यावा लागतो. लांब वाचनात ती पुनरावृत्ती सलग दिसते, मोजता येते.

अर्थात ही पद्धत अजून महाग आहे. तिला न तुटलेला, चांगला जपलेला डीएनए लागतो. जुन्या नमुन्यांत तो नेहमी मिळत नाही. शिवाय 2022चा जीनोम एकाच पेशीवंशाचा होता. मे 2023मध्ये 47 जणांच्या जीनोमवरून अधिक व्यापक नकाशाचा मसुदा आला, पण माणसांतली विविधता 47 जणांत कुठून मावणार?

तेव्हा जनुकीय तपासणीच्या रिपोर्टवर ‘दोष आढळला नाही’ असं दिसलं, तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: कोणत्या पद्धतीनं वाचलं, आणि काय वाचायचं राहिलं? वीस वर्षं ‘पूर्ण’ या शब्दावर आपण सगळेच निर्धास्त होतो. रुग्णाच्या घरच्यांना तसं राहून चालत नाही.