अरुणाच्या वतीनं बोलायचं कुणी?

वेल्ह्यातून नाहीतर भोरमधून पेशंट रात्रीतून पुण्याला न्यावा लागतो. आयसीयूच्या दारात डॉक्टर विचारतात, "व्हेंटिलेटर लावायचा का?" सहीला मुलगा किंवा दीर पुढे होतो. वर्षभर जिनं सासूबाईंचं अंग पुसलं, कूस बदलली, ती सून मागं बाकड्यावर असते. तिला कोण विचारतंय?

आजारी माणसाच्या वतीनं बोलायचं कुणी, हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गाजला तो मुंबईतल्या एका नर्समुळं. अरुणा शानभाग मूळची कर्नाटकातल्या हळदीपूरची, नोकरी केईएम हॉस्पिटलात. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच एका सफाई कामगारानं कुत्र्याच्या साखळीनं तिचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. तेव्हापासून अरुणा अंथरुणावर. त्या माणसाला शिक्षा झाली ती चोरीची आणि खुनाच्या प्रयत्नाची. बलात्काराचा गुन्हा लागलाच नाही.

केईएमच्या नर्सेसनी तिला सांभाळलं, तेही पिढ्या बदलत. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. भरवणं, आंघोळ, कूस बदलणं चालूच. इतकी वर्षं पडून असलेल्या बाईच्या अंगावर जखमा होऊ न देणं म्हणजे काय, हे ज्यांनी घरी कुणाचं केलंय त्यांनाच कळेल.

लेखिका पिंकी विराणी यांनी कोर्टाला विनंती केली, की अरुणाला आता जाऊ द्यावं. ७ मार्च २०११ ला निकाल आला. अरुणाच्या वतीनं बोलायचा हक्क केईएमच्या लोकांचा, कारण त्यांनीच तिचं केलं, असं कोर्ट म्हणालं. त्यांना ती हवी होती. १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं ती गेली.

मला तो निकाल पटतो. पण खुद्द अरुणाला काय हवं होतं, ते कुणालाच विचारता आलं नाही.

ती वाट ९ मार्च २०१८ ला उघडली. बरं होण्याची आशा नसेल तेव्हा यंत्रावर ठेवू नका, असं शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचा हक्क सुप्रीम कोर्टानं दिला. आधी त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची. गावाकडची बाई कुठं जाणार त्यासाठी? २०२३ मध्ये ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीनं कोण बोलेल, त्यांची नावं त्यातच घालायची, सुनेचंही चालतं. एक प्रत पंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या अधिकाऱ्याकडे द्यायची. मन बदललं तर कागदही बदलता येतो.

कागद असला तरी डॉक्टर एकटे ठरवत नाहीत. डॉक्टरांची एक समिती तपासते, मग दुसरी. इंजेक्शन देऊन मारणं हा आजही गुन्हाच आहे. यंत्र काढलं तरी वेदनेवरचं औषध आणि शुश्रूषा शेवटपर्यंत चालू ठेवायची असते.