सुट्टीत जमलं ते शाळेत का जमेना?

चंपारण म्हटलं की तुम्हाला नीळ आणि गांधीजी आठवणार. पण १९१७ मध्ये गांधीजींनी तिथल्या काही गावांत प्राथमिक शाळाही काढल्या होत्या, आणि तिथे काम करायला मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आणि पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन गेल्या होत्या. आज सांगायची गोष्ट त्याच मुलखातली, पण नव्वद वर्षांनंतरची आहे: बिहारचा पश्चिम चंपारण जिल्हा, जून २००८.

माझा पीएचडीचा विषय पदार्थविज्ञान. शिक्षणाशी संबंध एवढाच, की एमएस्सी करताना दोन उन्हाळे मी गावाकडे, अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना शिकवलं. पाचवीतली एक मुलगी ४२ मधून १७ वजा करताना दर वेळी ३५ लिहायची. सातातून दोन! काडेपेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून एक गठ्ठा सोडायला लावला, तेव्हा कुठे तिला ‘हातचा’ दिसला. आठवडाभराने ती शेजारच्या मुलाला गठ्ठा सोडून दाखवत होती. प्रयोगशाळेत एवढा स्वच्छ निकाल मिळायला मला कधीकधी वर्ष लागतं. हे समाधान काय प्रकारचं आहे, ते शोधताना मी चंपारणपर्यंत पोहोचले.

त्याआधी थोडी मुंबई. १९९० च्या दशकाच्या मध्याला माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी मुंबईत ‘प्रथम’ ही संस्था सुरू केली. चव्हाण मूळचे रसायनशास्त्राचे, यूडीसीटीत शिकवणारे. ‘प्रथम’च्या बालसखी उपक्रमात वस्तीतलीच एखादी तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोनेक तास वेगळं बसवून शिकवायची. याचा खरंच उपयोग होतो का, हे अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००१ पासून मुंबई आणि वडोदऱ्यात तपासलं. पद्धत सोपी आहे. कुठल्या वर्गांना बालसखी मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, म्हणजे दोन्ही गटांत दुसरा काही फरक उरत नाही. मग दोघांच्या गुणांची तुलना करायची. निकाल असा आला, की सगळ्यात मागे असलेल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला.

पण एक शंका उरलीच. हे फक्त बालसखीच करू शकते, की सरकारी शाळेतले नेहमीचे गुरुजीही करू शकतील?

जून २००८ च्या शिबिरांनी याचं उत्तर दिलं. पश्चिम चंपारणमध्ये तिसरी ते पाचवीतल्या मागे पडलेल्या मुलांसाठी शाळांच्याच इमारतींत महिनाभर उन्हाळी वर्ग झाले. शिकवणारे सरकारी शिक्षकच. ‘प्रथम’ने त्यांना प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, मदतीला स्वयंसेवक दिले, आणि सुट्टीतल्या कामाचे जादा पैसे सरकारने दिले. इयत्ता विसरायची आणि मुलाला काय येतं एवढंच बघायचं: अक्षर, शब्द, परिच्छेद की गोष्ट? तिथूनच पुढे शिकवायचं. एका महिन्यात मुलांच्या वाचनात आणि गणितात मोजता येईल एवढी वाढ झाली.

मग शाळा सुरू झाल्या आणि इथे गोष्ट उलटली. काही गावांतल्या शिक्षकांना नुसतं साहित्य दिलं. काहींना साहित्य आणि प्रशिक्षण दिलं. दोन्हीकडे मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. जिथे सोबत स्वयंसेवकही होते, तिथे पडला, कारण ते मुलांना बहुतेक शाळेबाहेरच शिकवत होते.

आता सांगा, दोष कोणाचा? आपण पटकन म्हणतो, मास्तरांना शिकवता येत नाही किंवा शिकवायचं नाही. पण जूनने दाखवलं होतं की सरकारी मास्तरांच्या हातून हे होतं. बदलली होती ती त्यांच्याकडून असलेली अपेक्षा. जूनमध्ये काम होतं मुलाला वाचायला शिकवणं. शाळा सुरू झाल्यावर काम झालं पुस्तक संपवणं. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये तर ठरलेल्या वेळेत पूर्ण अभ्यासक्रम संपवणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं गेलं. धडा बारावा झाला की नाही हे तपासता येतं. चौथ्या बाकावरच्या मुलाला पहिला धडा वाचता येतो का, हे कोण विचारतंय?

हे कळल्यावर पुढचे प्रयोग त्यानुसार आखले गेले. हरियाणात २०१२-१३ मध्ये शाळेच्या वेळापत्रकातच एक तास बाजूला काढला आणि त्या तासाला मुलांना इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवलं. देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः काही दिवस वर्गात शिकवून पाहिलं. यावेळी सरकारी शिक्षकांकडून, भर शाळेच्या वेळेत, मुलांचं हिंदी वाचन सुधारलं.

मला वाटतं, माझ्या काड्यांच्या गठ्ठ्यांचं कोडंही इथेच सुटतं. उन्हाळ्यातल्या वर्गात मी काही कोणी थोर शिक्षिका नव्हते. माझ्याकडे पुस्तक संपवायचं ओझं नव्हतं, म्हणून त्या मुलीची नेमकी चूक मला दिसली आणि ती दुरुस्त झालेलीही दिसली. आपल्या शिकवण्याने काय झालं ते डोळ्यांनी बघायला मिळणं, हीच माझी कमाई. चाळीस मुलं आणि अर्धवट राहिलेला अभ्यासक्रम समोर असलेल्या शिक्षकाला ती फार क्वचित मिळते. तेव्हा पुढच्या वेळी ओळखीच्या गुरुजींना ‘पोर्शन कुठवर आलाय?’ असं विचारण्याआधी थांबा. ‘या महिन्यात कोण वाचायला लागलं?’ असं विचारून बघा. उत्तर द्यायला त्यांनाही आवडेल.