किल्लारी : पहाटे तीन छप्पन्नपर्यंत

अकरा महिने आधी

१९९२च्या ऑक्टोबरात किल्लारीखालची जमीन हलू लागते. आधी सुरुंग उडाल्यासारखा आवाज, मग हादरा. भिंतींना तडे जातात. काही रात्री लोक पोरंबाळं घेऊन उघड्यावर झोपतात. पुढे धक्के विरळ होतात आणि थंडीच्या सुमाराला माणसं आत परततात. तेव्हाच्या सरकारी नकाशावर लातूर जिल्हा झोन एकमध्ये आहे, म्हणजे भूकंपाचा धोका सगळ्यांत कमी. नकाशा तसं सांगतोय आणि धक्केही थांबलेत. घरात परतायला आणखी काय हवं?

किल्लारीचा घटनाक्रम मी इथूनच मोजतो. वर्तमानपत्रांत तो पहाटे तीन छप्पन्नला सुरू होतो. पण भूकंपाच्या वेळेचा अंदाज कुणालाच बांधता येत नसला, तरी घर कसं आहे ते उघड्या डोळ्यांना दिसतं. ते पाहायला अकरा महिने मिळाले होते.

२९ सप्टेंबर १९९३, दुपारी चार : बारा तास आधी

बुधवार, अनंत चतुर्दशी. तेरणेच्या काठावरच्या गावांत विसर्जनाची तयारी चालली आहे. किल्लारी, तळणी, मंगरूळ, गुबाळ, लिंबाळा ही औसा तालुक्यातली. सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी पलीकडची, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली. जिल्हे दोन असले तरी सोयरीक एक, बाजार एक.

रात्री नऊ : सात तास आधी

मिरवणुका निघाल्या आहेत. पोरं गुलालानं माखलेली.

या वेळी घरांकडे नीट पाहावं. भिंती दोन-तीन फूट रुंदीच्या, काळ्या दगडाच्या, आणि दगडांना धरून ठेवायला नुसती माती. आत लाकडी खांब, तुळया, खण. वर माळवद, म्हणजे फूट-दोन फूट जाडीचा मातीचा थर. पाऊस झिरपला की दरवर्षी त्यावर आणखी माती पडते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात यासारखं गार घर नाही आणि चोराला फोडायला इतकी अवघड भिंतही नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी विचारपूर्वकच ही घरं बांधली. ती आडव्या हादऱ्यासाठी मात्र नव्हती, कारण असा हादरा कुणाच्या आज्यानंही पाहिलेला नव्हता. भिंत ढासळली की माळवदाची सगळी माती खाली झोपलेल्यावर येणार.

मध्यरात्र : चार तास आधी

गणपती बोळवून माणसं परततात. कुणी राखणीला शेतात जातं, कुणी ओट्यावर अंग टाकतं. बायका, म्हातारी माणसं आणि मुलं आतल्या घरात निजतात, कारण सुरक्षित जागा तीच समजली जाते. काही तासांनी याच वाटणीवरून कोण जगणार ते ठरतं. मृतांत बायका-मुलांचा वाटा इतका मोठा का, याचं उत्तर मला या अंथरुणांच्या जागांत सापडतं.

३० सप्टेंबर, पहाटे तीन छप्पन्न

६.२ तीव्रतेचा धक्का. उगम फार खोल नाही, त्यामुळे हिसका थेट वर येतो. काही सेकंदांत गावंच्या गावं दगडमातीचे ढीग होतात. पुणे, मुंबई, हैदराबादपर्यंत जमीन थरथरते. इकडे नांदेडकडेही धक्का जाणवतो. नांदेड जिल्ह्यातलं आमचं नायगाव किल्लारीपासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, म्हणून आम्ही वाचलो. आमच्याकडची जुनी घरंही त्याच दगडमातीची होती.

पहाटे चार ते सकाळ

मुख्यमंत्री शरद पवार मुंबईत विसर्जनं पार पडेपर्यंत जागे होते. खिडक्या थरथरल्यावर त्यांनी कोयनेच्या भूकंपमापन केंद्राला विचारणा केली, तेव्हा भूकंपाचं केंद्र किल्लारीकडे असल्याचं कळलं, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. सकाळीच ते लातुरात पोहोचतात.

पण पहिल्या तासांत बाहेरचं कुणी गावात नसतं. जे बाहेर झोपले होते, तेच उरलेल्यांना काढतात, हातांनी, फावड्यांनी, कुदळींनी. जगातल्या बहुतेक भूकंपांत जिवंत निघणाऱ्यांपैकी जास्तीत जास्त माणसं शेजाऱ्यांनीच काढलेली असतात. मदतीच्या इतिहासात या शेजाऱ्यांना दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पुढचे दिवस

लष्कर येतं. पाऊस येतो, ढिगाऱ्याचा चिखल होतो. पडलेल्या घरांचंच लाकूड सामुदायिक चितांना लागतं. मदतीच्या ट्रकांबरोबर बघ्यांच्या गाड्याही रस्ते अडवतात. देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडतात. पाचव्या दिवशी मंगरूळमध्ये दीड वर्षाची एक मुलगी जवानांना ढिगाऱ्याखाली जिवंत सापडते.

सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा. काही अहवाल साडेनऊ हजारांच्या पुढे जातात.

मुलांचं पुढे काय

ढिगाऱ्यातून मूल निघालं की बातमी संपते, पण त्याच्यापुढे पंधरा-वीस वर्षांचं वाढणं उभं असतं. ब्लँकेट, बिस्किटं आणि पत्र्याची शेड यांनी पहिला महिना निघतो. त्यानंतर शाळा कोणती, आजारपणात उशाशी कोण, आईबापाच्या नावावरची जमीन आणि मिळालेली मदत त्याच्यासाठी कोण जपणार, हे प्रश्न उरतात. नातलग मायेनं पुढे येतात, पण त्यांचीही घरं पडलेली असतात.

दोन वाटा निघाल्या. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथा यांनी भूकंपग्रस्त भागातली १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्यातूनच वाघोलीचं शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभं राहिलं. समाजवादी कार्यकर्ते पन्नालाल सुराणा यांनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ सुरू केलं. तिथे मुलं आपल्याच मुलखात, आपल्याच बोलीत वाढली. पुण्यानं मुलांना मोठी दारं उघडली, हे मी मानतो. तरी लहान मुलासाठी मी नळदुर्गच्या बाजूनं उभा राहीन. ज्याचं घर गेलंय, त्याचं गाव, भाषा, मावशी-काका एकाच महिन्यात काढून घेऊ नयेत. आज आपत्तीत मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थाही हेच सांगतात : आधी प्रत्येक मुलाची नोंद, मग नातलगांचा शोध, आणि मुलाला दूर नेणं अगदी शेवटी.

ही नोंद शेजारच्या गावांनीही आधीच तयार ठेवायला हवी. २१ मार्च २०२४ला हिंगोली जिल्ह्यातल्या ४.५ तीव्रतेच्या धक्क्यानं नांदेडकर घराबाहेर पळाले. ऑगस्ट २०२५मध्ये आमच्या शेजारच्या मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेलीत पाणी शिरलं आणि सैन्य बोलवावं लागलं. कोणत्या घरात किती मुलं आहेत, कोण अंगावर पितं, कुणाला चालता येत नाही, हे अंगणवाडी ताईला तोंडपाठ असतं. तिची ही यादी तहसीलच्या आपत्ती आराखड्यात हवी, तिची एक प्रत गावाबाहेर हवी, आणि दर पावसाळ्याआधी ती नवी व्हायला हवी. या कामाला नायगावात एक दुपार पुरेल.