मोमेंटम आणि ट्रेंड : दोन फंडपद्धतींतील भेद

म्युच्युअल फंडांच्या जाहिरातींत ‘मोमेंटम’ हा शब्द गेल्या काही वर्षांत वारंवार दिसू लागला आहे. जे वाढते आहे ते घ्यावे आणि जे पडते आहे ते सोडावे, एवढाच त्याचा अर्थ सामान्यतः सांगितला जातो. ‘ट्रेंड फॉलोइंग’, म्हणजे किमतींच्या कलानुसार केलेला व्यवहार, याचेही वर्णन याच शब्दांत होते. वस्तुतः या दोन पद्धतींचा उगम वेगळा, बाजार वेगळा आणि मुख्य म्हणजे संकटकाळातील वर्तन अगदी वेगळे आहे. मंदी आली की मोमेंटम फंड आपोआप बाजूला होईल, अशा समजुतीने कोणी निवृत्तीची पुंजी त्यात ठेवली, तर ही गल्लत महागात पडते.

मोमेंटम पद्धती समभागांची परस्परांशी तुलना करते. कलानुसारी पद्धती प्रत्येक वस्तूची तुलना तिच्या स्वतःच्या पूर्वीच्या किमतीशी करते. पहिलीत वर्गातील क्रमांक पाहिला जातो, दुसरीत त्याच विद्यार्थ्याचे मागच्या खेपेचे गुण. समजा, दहा समभाग आहेत आणि वर्षभरात दहाही घसरले. सर्वांत कमी घसरलेला 5 टक्क्यांनी, सर्वांत अधिक घसरलेला 50 टक्क्यांनी. मोमेंटमच्या लेखी 5 टक्के घसरलेला समभाग पहिल्या क्रमांकाचा, म्हणून तो खरेदीस पात्र. कलानुसारी व्यवस्थापक मात्र दहांपैकी एकालाही हात लावणार नाही. मुभा असेल तर दहांचीही मंदी करील, म्हणजे आधी विकून भाव उतरल्यावर परत घेईल. उलट सगळेच वाढले असतील, तर तो दहाही घेईल आणि मोमेंटमवाला वरचे दोन-तीन घेऊन थांबेल.

मोमेंटमला विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळाली ती 1993 मध्ये. नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन या दोन अभ्यासकांनी ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये अमेरिकी समभागांच्या 1965 ते 1989 या काळाचा अभ्यास मांडला. मागील सहा महिन्यांतील विजेते घ्यायचे, पराभूत विकायचे आणि सहा महिने धरून ठेवायचे, या सूत्राने वर्षाला सरासरी सुमारे 12 टक्के अतिरिक्त परतावा मिळाल्याचे त्यांना आढळले. त्यानंतरच्या दोन वर्षांत या लाभाचा काही भाग विरून जातो, हेही त्यांनी त्याच लेखात नोंदवले होते. जाहिरातींना या उत्तरार्धाचा सोयीस्कर विसर पडतो. 1997 मध्ये मार्क कारहार्ट यांनी अमेरिकी म्युच्युअल फंड तपासले, तेव्हा आणखी गमतीचा निष्कर्ष हाती आला. काही व्यवस्थापकांचे यश वर्षामागून वर्ष टिकते असे दिसे. त्यातील बराच भाग गतवर्षीचे विजेते समभाग त्यांच्या झोळीत असण्याचा होता, आणि ते बहुधा योगायोगाने तेथे आलेले होते.

असे का घडते, याची उत्तरे बव्हंशी मानवी स्वभावात शोधली जातात. कंपनीविषयीची चांगली बातमी किमतीत एका दिवसात पूर्णपणे उतरत नाही. त्यातच नफ्यात असलेला समभाग घाईने विकून टाकण्याची आणि तोट्यातला उराशी कवटाळून बसण्याची गुंतवणूकदाराची खोड आहे. हर्ष शेफ्रिन आणि मीर स्टॅटमन यांनी 1985 मध्ये तिचे विवेचन केले. त्यामुळे चढणारा भाव हळूहळू चढतो आणि उतरणारा हळूहळू उतरतो. ही कारणे दोन्ही पद्धतींना लागू पडतात, आणि त्यांच्याविषयीच्या गोंधळाचे एक मूळ हेही आहे.

कलानुसारी निधींचा जन्म समभागांच्या बाजारात झाला नाही, वायदेबाजारात झाला. रिचर्ड डॉन्चियन यांनी 1949 मध्ये अमेरिकेत ‘फ्यूचर्स इन्कॉर्पोरेटेड’ नावाचा व्यवस्थापित वायदा निधी सुरू केला. सर्वसामान्यांना खुला असलेला तो अशा प्रकारचा पहिला निधी मानला जातो. त्यांचा चार आठवड्यांचा नियम साधा होता : भाव गेल्या चार आठवड्यांतील उच्चांकाच्या वर गेला की खरेदी, नीचांकाच्या खाली गेला की विक्री. पुढे 1983-84 मध्ये शिकागोचे रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांनी ‘टर्टल्स’ या नावाने गाजलेल्या शिष्यांना असेच नियम शिकवले. उत्तम व्यवहारी घडवता येतो की तो जन्मावाच लागतो, या दोघांतील वादाचा निकाल लावण्यासाठी तो प्रयोग झाला.

या पद्धतीत प्रत्येक सौद्याचा आकार त्या वस्तूच्या चढउताराच्या प्रमाणात ठरतो. भाव जितका उधळा, तितका सौदा लहान. निम्म्याहून अधिक सौदे तोट्यात जातात, पण ते लवकर तोडले जातात, आणि वर्षाची कमाई मोजक्या दीर्घ लाटांवर होते. सोने, कच्चे तेल, गहू, चलने, सरकारी रोखे, समभागांचे निर्देशांक असे परस्परांशी फारसे नाते नसलेले बाजार एकाच वेळी हाताळावे लागतात ते याचसाठी. मॉस्कोविट्झ, ऊई आणि पेडरसन यांनी 2012 मध्ये अशा 58 वायद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वस्तूचा स्वतःचा मागील वर्षभराचा कल पुढे काही काळ टिकून राहतो, ही गोष्ट त्यांना जवळपास सर्वत्र आढळली.

खरी परीक्षा संकटात होते. 2008 मध्ये अमेरिकेचा एस अँड पी 500 निर्देशांक लाभांश धरूनही 37 टक्के कोसळला, तेव्हा समभाग आणि कच्च्या तेलाची मंदी व सरकारी रोख्यांची तेजी धरून बसलेले कलानुसारी निधी दोन आकडी लाभात होते. 2022 हे वर्ष याहून बोलके. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने व्याजदर शून्याजवळून चार टक्क्यांच्या वर नेले, समभाग आणि रोखे एकदमच पडले, आणि निम्मे समभाग-निम्मे रोखे ही वडीलधाऱ्यांची पुडी निष्प्रभ ठरली. रोख्यांची मंदी करता येणाऱ्या निधींना मात्र तीच पडझड लाभाची झाली. सोसिएते जनरालचा ट्रेंड निर्देशांक त्या वर्षी सुमारे 27 टक्के वाढला.

समभागांच्या मोमेंटमचा घात पडझडीत जितका होतो, त्याहून अधिक नंतरच्या उसळीत होतो. केंट डॅनियल आणि मॉस्कोविट्झ यांनी दाखवले आहे की मार्च ते मे 2009 या तीन महिन्यांत अमेरिकेतील पराभूत समभागांचा गट 163 टक्के उसळला आणि विजेत्यांचा गट केवळ 8 टक्के. विजेते घेऊन पराभूतांची मंदी करणाऱ्यांचे त्यात काय झाले असेल, ते सांगायला नको. केवळ खरेदी करणारा फंड इतका होरपळत नाही. पण उसळीच्या वेळी त्याच्या हाती सावध, संथ समभाग उरलेले असतात आणि बाजार पुढे निघून जातो.

कलानुसारी निधीही निर्दोष नाहीत. 2015 ते 2018 ही त्यांची वर्षे रखरखीत गेली. भाव एका दिशेला चार पावले टाकून परत फिरत राहिले की हे निधी दोन्हीकडून मार खातात. मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, रोख्यांचे भाव अवघ्या काही दिवसांत उसळले आणि 2022 च्या कमाईचा एक तुकडा परत गेला. शिवाय परदेशात या निधींचे शुल्क दीर्घकाळ चढेच राहिले : वर्षाला दोन टक्के आणि नफ्याचा पाचवा हिस्सा.

आपल्याकडे सामान्य गुंतवणूकदाराला यांपैकी पहिलाच प्रकार सहज मिळतो. राष्ट्रीय शेअर बाजाराचा निफ्टी 200 मोमेंटम 30 निर्देशांक सहा आणि बारा महिन्यांचा परतावा, चढउताराचा भागाकार करून, मोजतो आणि जून व डिसेंबरमध्ये तीस समभाग नव्याने निवडतो. त्यावर आधारलेला पहिला इंडेक्स फंड यूटीआयने 2021 मध्ये आणला. पुढे इतरही आले. त्यांचा खर्च वर्षाला एक टक्क्याच्या आत असतो. पण हा निर्देशांक रोख रकमेत कधीही जात नाही. बाजार कितीही पडो, तीस समभाग असतातच. सप्टेंबर 2024 ते मार्च 2025 या काळात निफ्टी 50 सुमारे 16 टक्के उतरला, तेव्हा मोमेंटम निर्देशांक त्याहून बराच खोल गेला. आधीच्या तेजीतले सर्वांत तापलेले समभागच त्यात भरलेले होते.

परदेशी धाटणीचा कलानुसारी निधी येथे उभारणे कठीण आहे. म्युच्युअल फंडाला उघडी मंदी करता येत नाही. तिसऱ्या श्रेणीच्या पर्यायी गुंतवणूक निधीला ती मुभा आहे, पण तेथे किमान एक कोटी रुपये लागतात. सेबीने एप्रिल 2025 पासून लागू केलेल्या विशेषीकृत गुंतवणूक निधीत उंबरठा दहा लाखांवर आला आणि मालमत्तेच्या 25 टक्क्यांपर्यंत मंदीची मुभा मिळाली. तरीही विविध वस्तूंचा बाजार हा या पद्धतीचा प्राण, आणि आपल्याकडे तोच अर्धा बंद : डिसेंबर 2021 मध्ये सेबीने धान, गहू, चणा, मोहरी, सोयाबीन, कच्चे पामतेल आणि मूग यांचे वायदे स्थगित केले व पुढे ती मुदत वारंवार वाढवली.

मोमेंटमचे सूत्र घरबसल्या स्वतः चालवू पाहणाऱ्यांनी कराचा हिशेब आधी मांडावा. वर्षाच्या आत विकलेल्या समभागांच्या नफ्यावर जुलै 2024 पासून 20 टक्के कर आहे, आणि या सूत्रात बहुतेक विक्री वर्षाच्या आतच होते. म्युच्युअल फंडाने आतल्या आत केलेल्या खरेदी-विक्रीचा कर गुंतवणूकदाराला भरावा लागत नाही. तो स्वतःची युनिटे विकेल तेव्हाच कर लागतो, आणि समभागाधारित फंडाची युनिटे वर्षाहून अधिक काळ ठेवली असतील, तर 1.25 लाख रुपयांवरील नफ्याला साडेबारा टक्के दराने.