पाठीवरचे सहा आकडे

मामाच्या घड्याळाचा फोटो मी एका संग्राहक मित्राला पाठवला, तेव्हा माझी छाती चांगलीच फुगलेली होती. पिवळी धमक डायल, भोवती निळी-लाल कड, सहाच्या जागी छोटी गोल तबकडी. खाली मी लिहिलं होतं, 'ओरिजिनल सिको पोग. मामाने १९७४ मध्ये बहारीनला घेतलेलं.' वाटलं होतं, समोरून 'वा' येईल. आलं ते एवढंच : 'पाठीचा फोटो पाठव.'

पाठीवर मॉडेलचा नंबर होता, ६१३९-६००२. शेजारी सहा आकडी सीरियल, सुरुवात ३८ ने. अर्ध्या तासाने निकाल लागला : 'घड्याळ खरं आहे. डायल नाही.'

मामाला हे सांगायचं कसं, हा पहिला प्रश्न. त्याला हे कळलं कसं, हा दुसरा. दुसऱ्याच्या मागे लागल्यावर मी १९६९ सालात जाऊन पोचलो.

क्रोनोग्राफ म्हणजे ज्यात स्टॉपवॉचही असतं असं घड्याळ. बटण दाबलं की काटा पळतो, पुन्हा दाबलं की थांबतो, दुसरं बटण दाबलं की शून्यावर येतो. ग्रीक मुळाप्रमाणे शब्दाचा अर्थ 'काळ लिहिणारा', आणि एकेकाळी तो अक्षरशः लिहीतच असे. १८२१ मध्ये निकोला रियुसेक या फ्रेंच घड्याळकर्त्याने पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत एक पेटी मांडली. घोडा रेषा ओलांडला की तिच्यातली टोकदार सुई फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका उमटवायची. पुढे शाई गेली, नाव राहिलं.

विसाव्या शतकात हे यंत्र मनगटावर आलं. वैमानिक, मोटारशर्यतवाले, डॉक्टर वापरू लागले. पण त्याला रोज चावी द्यावी लागे. हात हलला की आपोआप चावी बसणारी ऑटोमॅटिक घड्याळं तोवर सर्रास मिळत होती, क्रोनोग्राफ मात्र ऑटोमॅटिक होत नव्हता. कारण जागेचं. क्रोनोग्राफची चाकं-तरफा आधीच घड्याळाचं पोट भरून टाकतात, त्यात फिरणारा रोटर बसवायचा कुठे?

१९६९ मध्ये हा प्रश्न तिघांनी जवळजवळ एकाच वेळी सोडवला. १० जानेवारीला स्वित्झर्लंडच्या झेनिथने आपलं यंत्र जाहीर केलं आणि नावच ठेवलं 'एल प्रिमेरो', म्हणजे 'पहिला'. ३ मार्चला होयर, ब्राइटलिंग, हॅमिल्टन आणि त्यांच्या जोडीदारांनी जिनिव्हा आणि न्यूयॉर्कमध्ये पत्रकार परिषदा घेऊन 'क्रोनोमॅटिक' दाखवलं. दोघांचीही घड्याळं दुकानात पोचायला वर्षाचा उत्तरार्ध उजाडला. आणि जपानमध्ये सिकोने फारसा गाजावाजा न करता मे महिन्यात ६१३९ विकायला काढलं.

मग पहिला कोण? जाहीर करणारा, बनवणारा की विकणारा? स्विस लोकांनी लिहिलेल्या इतिहासात सिकोचं नाव बराच काळ तळटीपेत असायचं. ते वर आलं त्यात मोठा वाटा जुन्या घड्याळांच्या पाठी वाचणाऱ्या हौशी लोकांचा आहे.

सिकोच्या त्या काळातल्या घड्याळाचं सीरियल वाचायला सोपं असतं. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा. दुसरा महिना : १ ते ९ म्हणजे जानेवारी ते सप्टेंबर, ० म्हणजे ऑक्टोबर, आणि नोव्हेंबर-डिसेंबरसाठी इंग्रजी एन आणि डी ही अक्षरं. उरलेले आकडे अनुक्रमांक. त्या हिशोबाने मामाचं घड्याळ ऑगस्ट १९७३ चं. याच पद्धतीने संग्राहकांना १९६९ च्या सुरुवातीच्या महिन्यांतली ६१३९ सापडली. म्हणजे स्विस मंडळी पत्रकारांना चहा-बिस्किटं देत होती, तेव्हा जपानी कारखान्यात माल तयार होत होता. यावरून वाद मिटत नाही, बनवण्याची तारीख म्हणजे विकण्याची तारीख नव्हे. पण कंपन्यांच्या जाहिरातींपेक्षा झाकणाच्या आकड्यांवर माझा जास्त भरवसा आहे.

या पद्धतीत एक खोच आहे. दशक लिहिलेलं नसतं. हे मॉडेल १९६९ ते सत्तरच्या दशकाअखेरपर्यंत बनत होतं, त्यामुळे सीरियल ९ ने सुरू होत असेल तर ते १९६९ चं की १९७९ चं? एका ठिकाणी दुर्मिळ पहिलं वर्ष, दुसऱ्या ठिकाणी शेवटशेवटचा माल. उत्तर पाण्यात आहे. सुरुवातीच्या घड्याळांवर 'वॉटर प्रूफ' असं लिहिलेलं असायचं. पण 'प्रूफ' म्हणजे पाणी कधीच शिरणार नाही, असा दावा कुठलंच घड्याळ प्रामाणिकपणे करू शकत नाही. अमेरिकेत या शब्दावर आक्षेप आला आणि १९७० च्या सुमारास 'प्रूफ' जाऊन 'रेझिस्ट' आलं. या मॉडेलच्या डायलवर आधी 'वॉटर ७० एम प्रूफ', मग थोडे दिवस 'वॉटर ७० एम रेझिस्ट', आणि नंतर पाण्याचा उल्लेखच नाही. मधल्या काळात डायलवर 'रेझिस्ट' आणि पाठीवर अजून 'प्रूफ' अशीही घड्याळं निघाली, कारण जुनी झाकणं संपेपर्यंत वापरली जात होती. तेव्हा ९ आणि 'प्रूफ' म्हणजे १९६९. ९ आणि 'रेझिस्टंट' म्हणजे १९७९.

आता मामाचं घड्याळ. पाठीवर ऑगस्ट १९७३. आणि डायलवर मोठ्या दिमाखात 'वॉटर ७० एम प्रूफ'. बारशाला आलेल्या पाहुण्याने पुढच्या पिढीच्या लग्नाची पत्रिका दाखवावी, तसला प्रकार. नेमका उलटा, एवढंच.

एकदा डोळ्याला भिंग लावायची सवय झाली की बाकीचं दिसत जातं. मूळ डायलच्या अगदी खालच्या काठावर डायलचा नंबर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेला असतो. नव्याने रंगवलेल्या डायलवर तो नसतो, किंवा फिसकटलेला असतो. अंधारात चमकणारा मूळ लेप पन्नास वर्षांत पिवळट-तपकिरी पडतो. पांढराशुभ्र लेप दिसला की समजायचं, नंतर भरलाय. केसच्या कडा कारखान्यातून धारदार निघतात; पॉलिशच्या चाकावर धरधरून त्या साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. हे शिकायला पैसे लागत नाहीत. न शिकता घ्यायला गेलात तर मात्र बरेच लागतात.

आता 'पोग'. हे नाव सिकोने दिलेलं नाही. विल्यम पोग हा नासाचा अंतराळवीर. १९७२ मध्ये त्याने एलिंग्टन हवाईतळावरच्या दुकानातून ७१ डॉलरला एक पिवळं सिको घेतलं आणि प्रशिक्षणात इंजिन किती सेकंद चालवायचं ते मोजायला वापरलं. नासाचं अधिकृत घड्याळ होतं ओमेगा स्पीडमास्टर, १९६५ मध्ये सगळ्या चाचण्या पार करून निवडलेलं, रोज चावी द्यायचं. सिकोला कोणाचीच मंजुरी नव्हती. १६ नोव्हेंबर १९७३ ला स्कायलॅबवरची शेवटची मोहीम निघाली, तेव्हा पोगने ते सूटच्या खिशात घालून नेलं आणि वर गेल्यावर मनगटावर बांधलं. ८४ दिवस ते पृथ्वीभोवती फिरलं.

वजनरहित अवस्थेत रोटर खाली पडणार नाही, मग ऑटोमॅटिक घड्याळाला चावी कशी बसेल, अशी शंका येणं साहजिक आहे. पण तिथे वजन नसलं तरी वस्तुमान असतं. हात झटकन वळला की जड रोटर मागे राहू पाहतो, म्हणजेच फिरतो. पोगचं घड्याळ चाललं.

आणि मग जवळजवळ तीस-पस्तीस वर्षं कोणाला पत्ताच नव्हता. अंतराळात गेलेला पहिला ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ म्हणून १९८५ च्या मोहिमेतल्या एका जर्मन घड्याळाचं नाव घेतलं जायचं. जुन्या फोटोत पोगच्या मनगटावर काहीतरी पिवळं दिसतंय, हे एका संग्राहकाच्या लक्षात आलं. त्याने थेट पोगला विचारलं आणि पोगने होकार दिला. २००८ मध्ये पोगने ते घड्याळ अंतराळवीरांच्या शिष्यवृत्ती निधीसाठी लिलावात दिलं. किंमत आली ५,९७५ डॉलर. तुलनेसाठी : पॉल न्यूमन या नटाचं रोलेक्स डेटोना, जो डायलचा प्रकार एकेकाळी दुकानात पडून राहायचा, ते २०१७ मध्ये पावणेदोन कोटी डॉलरच्याही वर गेलं. पृथ्वीला हजारावर प्रदक्षिणा घातल्या तरी भाव ब्रँडचाच.

पोगचं घड्याळ ६१३९-६००५ होतं, मुख्यतः अमेरिकेत विकला गेलेला प्रकार. मामाचं ६००२, बाकीच्या जगातलं. आतलं यंत्र एकच, पण काटेकोर संग्राहक ६००२ ला 'पोग' म्हणत नाहीत. विकणारे सगळ्याच पिवळ्यांना म्हणतात. निळ्या डायलचंही तेच. ते 'सेव्हेर', कारण फॉर्म्युला वनचा फ्रेंच ड्रायव्हर फ्रांस्वा सेव्हेर ते घालायचा. ऑक्टोबर १९७३ मध्ये तो शर्यतीच्या सरावात गेला, पोग अंतराळात जायच्या सहा आठवडे आधी. एकाच कारखान्यातली, शंभर डॉलरच्या आतली दोन घड्याळं. नावं माणसांनी दिली आणि नावांनी किंमत वाढवली.

मामाच्या डायलसारख्या डायलसाठीही संग्राहकांच्या जगात एक नाव आहे : 'मुंबई स्पेशल'. रंगवलेल्या तबकड्या, तीन वेगळ्या घड्याळांतून जमवलेले भाग, भडक रंग, इंटरनेटवर परदेशी गिऱ्हाइकाला विकलेलं. हा शब्द नाक मुरडूनच उच्चारला जातो आणि फसवणाऱ्या विक्रेत्यांच्या बाबतीत ते योग्यच आहे. १९६९ चं म्हणून १९७३ चं गळ्यात मारणं याला दुसरा शब्द नाही.

पण ही कारागिरी फसवणुकीसाठी जन्मली नव्हती. आपल्याकडे परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली, तीही कित्येक वर्षं पुरी पडत नव्हती. परदेशी घड्याळ आखातातून येणाऱ्या नातेवाइकाच्या मनगटावरून नाहीतर चोरट्या वाटेने यायचं. ते बिघडलं की सुटे भाग मिळणार कुठून? मग डायल खरवडून पुन्हा रंगवणारे, जुन्या काट्यांना नवा मुलामा देणारे, चार मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत करणारे कारागीर तयार झाले. गिऱ्हाइकाला चालणारं घड्याळ हवं होतं. पन्नास वर्षांनी कोणीतरी भिंग घेऊन अक्षरं तपासेल, हे कोणाच्या स्वप्नात नव्हतं.

शेवटी मी मामाला सांगितलं. दबकतच. "मामा, तुझी डायल बदललेली आहे रे."

"मग? मीच बदलली," मामा म्हणाला.

१९८६ च्या पावसाळ्यात रत्नागिरीला घड्याळात पाणी शिरलं होतं. पिवळ्या रंगाला काळे फोड आले. मुंबईला आल्यावर एकाने डायल काढून रंगवून दिली, त्याच्याकडे जो छाप होता तो मारला. 'प्रूफ' कोणत्या सालचं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मामालाही. "वॉटरप्रूफ लिहिलंय म्हणून मी खूश झालो होतो," मामा म्हणाला, "म्हटलं आता नाही शिरणार पाणी."

त्याने पुढे जे दाखवलं ते मला कोणत्याच फोटोत दिसलं नसतं. या यंत्रात सेकंदाचा वेगळा काटा नाही. क्रोनोग्राफ बंद असेल तर डायलवर काहीच सरकताना दिसत नाही, घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतं. मामी दर वेळी ते हलवून बघायची, चावी द्यायला जायची. चावी फिरवली की आतली पिवळी कड फिरे आणि दाबली की तारीख बदले. या घड्याळाला हाताने चावी बसतच नाही. वैतागून मामाने क्रोनोग्राफचा काटा कायमचा चालू ठेवला. बहुतेक जुन्या क्रोनोग्राफमध्ये असं करणं बरं नव्हे, कारण तिथे दोन दातेरी चाकं बाजूने एकमेकांना भिडतात, घासतात. पण ६१३९ मध्ये सिकोने मोटारीच्या क्लचसारख्या एकावर एक बसणाऱ्या चकत्या वापरल्या होत्या. काटा उडी न मारता सुटतो आणि सतत चालू ठेवला तरी यंत्रावर फारसा ताण येत नाही. ऑटोमॅटिक क्रोनोग्राफमध्ये ही युक्ती पहिल्यांदा इथेच आली. मामाला यातलं काही माहीत नव्हतं.

मित्राने नंतर ऑगस्ट १९७३ ला शोभेल अशी, कसलाही उल्लेख नसलेली मूळ डायल शोधून दिली. किंमत ऐकून मी दोन दिवस विचार केला आणि मामाला विचारलं, बसवू का?

"आणि ही काढलेली कुठे ठेवणार?" मामाने विचारलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घड्याळ अजून त्याच्या हातात आहे, 'वॉटर ७० एम प्रूफ' डायलसकट, दिवसाला दोन मिनिटं मागे. पावसाळ्यात तो ते कपाटात ठेवतो.