भाऊसाहेबांचं केवायसी

तळेगाव ढमढेऱ्याला सुट्टीत गेलो की आजी विचारते, "नक्की काम काय करतोस रे?"

"समोरचा माणूस खरंच तोच आहे का, ते तपासतो."

"म्हणजे तोतये पकडतोस!"

अगदी बरोबर. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण अनेकांना ते पटेना. काही वर्षांनी 'मीच भाऊ' म्हणत एक जण उगवला. थोरल्या माधवरावांच्या काळात चौकशी झाली, तो खोटा ठरला आणि कैदेत गेला. म्हणजे व्हेरिफिकेशन चोख झालं होतं.

तरी १७७६ मध्ये रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यानंच त्याला भाऊ मानून बाहेर काढलं. कोकणातले किल्ले त्याच्याकडे जाऊ लागले. शेवटी महादजी शिंद्यांनी त्याला हरवलं, पळताना तो आंग्र्यांच्या हाती लागला आणि पुण्यात त्याला देहदंड झाला.

टीमसाठी मुलाखती घेताना मला हा सुभेदार आठवतो. चेहरा जुळवणारा कोड बरेच जण लिहितात. मी विचारतो, "ज्याच्या हाती किल्ल्या, तोच फसला तर?"

जो उत्तर देण्याआधी थोडा थांबतो, तो मला टीममध्ये हवा असतो.