कल्याणचे बंदर आणि इटलीचा किनारा

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे ठाण्या-डोंबिवलीची मंडळी पूर्वी कोकणातल्या आपल्या गावी जात. फार झाले तर माथेरान किंवा महाबळेश्वर. अलीकडे त्यांतली पुष्कळ कुटुंबे युरोपास जातात, आणि इटलीचा किनारा हा त्या प्रवासाचा जणू ठरलेला भाग असतो. नेपल्सचा उपसागर, पॉम्पेईचे भग्नावशेष, व्हेनिसचे कालवे पाहून मंडळी परततात आणि जून उजाडताच पुन्हा सकाळच्या लोकलला लोंबकळू लागतात. या हौसेला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. सांगावयाचे आहे ते इतकेच की, ही वाट नवी नव्हे. आपल्या खाडीकाठची दोन गावे भूमध्यसमुद्राकडच्या लोकांस फार पुरातन काळापासून ठाऊक होती. मात्र या ओळखीत एक मोठी उणीव राहून गेली आहे, तिचाही विचार केला पाहिजे.

प्रथम कल्याण घेऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ईजिप्तमध्ये राहणाऱ्या कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची एक माहितीपुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती विद्वानांत प्रसिद्ध आहे. तीत कल्याण ‘कॅलिएना’ या नावाने येते. थोरल्या सारगनसाच्या काळी, म्हणजे कोणा सातवाहन राजाच्या अमदानीत, हे रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे ते संदनेस नावाच्या राजाकडे गेले, व्यापाराची अडवणूक सुरू झाली, आणि एखादे ग्रीक जहाज चुकून येथे लागलेच तर त्याला पहाऱ्यानिशी भडोचला नेऊ लागले. दोन राजसत्तांच्या भांडणात भरल्या बंदराची कशी दैना होते, ते दोन-तीन वाक्यांत इतके स्पष्ट सांगणारा दुसरा लेखक आमच्या पाहण्यात नाही.

ही जहाजे येत कशी, हे प्लिनी सांगतो. भर उन्हाळ्यात अलेक्झांड्रियाहून निघावे, नाईल नदीने 12 दिवसांत कॉप्टॉस गाठावे, तेथून उंटांवरून वाळवंट ओलांडीत आणखी 12 दिवसांनी तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदर गाठावे, आणि मग वाऱ्यावर शिडे सोडावीत. हा वारा म्हणजे आपला नैर्ऋत्येचा पाऊसवारा. ज्या दिवसांत आपले कोळी होड्या ओढून वाळूवर घेतात व नारळीपौर्णिमेची वाट पाहतात, त्याच दिवसांत हे लोक तिकडून निघत, पाऊस ओसरता ओसरता आपल्या किनाऱ्याला लागत, आणि मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास उलट्या वाऱ्यावर परत फिरत. तिकडचा उन्हाळा म्हणजे सुटीचा नव्हे, उद्योगाचा काळ!

हा प्लिनी नेपल्सच्या उपसागरावरील मिसेनम येथे रोमन आरमाराचा अधिकारी होता. हिंदुस्थान, चीन व अरबस्तान हे देश मिळून दरसाल आपल्या साम्राज्यातून दहा कोटी सेस्टर्स ओढून नेतात, अशी त्याची कुरकुर होती. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसचा स्फोट झाला, त्यात हा गृहस्थ निवर्तला. त्याच राखेखाली गडप झालेल्या पॉम्पेई नगरात 1938 साली एका घराच्या उत्खननात वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अंगावर दागिनेच दागिने, दोन्ही बाजूंस दोन लहान दासी. ही कलाकुसर रोमनांची नव्हे, हिंदुस्थानची, हे पाहताक्षणीच कळते. तिच्याशी फार जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती मराठवाड्यात तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत. पेरिप्लसच्या काळी तेर-पैठणचा माल भडोचला जाई. पण कल्याण मोकळे असताना जुन्नरवरून नाणेघाट उतरून येथे येणे पुष्कळच सोयीचे होते. घाटातला तो दगडी रांजण आणि गुहेतला सातवाहन राणीचा लेख या रहदारीची आजही साक्ष देतात. नेपल्सच्या संग्रहालयात आज ती मूर्ती आहे. आपली मंडळी तेथवर जाऊन पॉम्पेईचीच चित्रे पाहून परततात, ही थोडी चुटपुट लागणारी गोष्ट खरी.

सहाव्या शतकात कॉस्मस या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने कल्याणला ख्रिस्ती वस्ती असून इराणातून नेमलेला बिशप आहे, असे लिहून ठेवले. पुढे खाडीकाठी ठाण्याचे महत्त्व वाढले. व्हेनिसच्या मार्को पोलोने 1298 साली जेनोआच्या तुरुंगात आपला वृत्तान्त सांगितला, त्यात ठाण्याचे कातडे आणि सुती कापड आहे, आणि एक मासलेवाईक करारही आहे: राजाने चाच्यांना मोकळे रान द्यावे, लुटीतले घोडे तेवढे राजाचे, बाकी माल चाच्यांचा.

परंतु ठाण्याचे नाव इटलीत खरे गाजले ते एका रक्तपाताने. 1321 च्या एप्रिल महिन्यात फ्रान्सिस्कन पंथाचे चार साधू येथे येऊन उतरले. टोलेंटिनोचा टॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि दुभाष्याचे काम जाणणारा दिमित्रियस. त्यांना जावयाचे होते कोल्लमला. दैवाने आणले ठाण्यास. एका नेस्तोरियन ख्रिस्ती कुटुंबात ते उतरले होते. त्या घरात नवराबायकोचे भांडण झाले, नवऱ्याने हात टाकला, बाई काजीकडे दाद मागावयास गेली, आणि साक्षीदार कोण असे विचारताच तिने घरच्या पाहुण्यांची नावे सांगितली. साक्षीस बोलावलेल्यांशी धर्माचा वाद सुरू झाला, वाद चिघळला, आणि अखेर चौघांचाही वध झाला. घरगुती तंट्याची ठिणगी कोठवर पोहोचावी! दिल्लीच्या सुलतानाने पुढे येथील अधिकाऱ्यास देहान्त शासन केले, असे ओडोरिक लिहितो.

हा ओडोरिक एड्रियाटिकच्या उत्तरेकडील पोर्देनोने गावचा साधू. होर्मुझहून काथ्याने शिवलेल्या, लोखंडाचा खिळाही नसलेल्या जहाजातून 28 दिवसांत तो ठाण्याला आला, त्या चौघांच्या अस्थी कापडात बांधून घेतल्या आणि थेट चीनपर्यंत नेल्या. 1330 साली मायदेशी परतून त्याने सर्व कथन केले. त्यात एक तपशील मोठा गमतीचा आहे. ठाण्यात कुत्र्याएवढे उंदीर असतात, मांजरांचे त्यांच्यापुढे काही चालत नाही, कुत्र्यांनाच ते धरावे लागतात, असे तो म्हणतो. युरोपीय वाचकांना ही थाप वाटली असेल. आमच्या चाळीतल्या घुशी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ती वाटणार नाही.

आता त्या उणिवेविषयी. ही सारी हकीकत आपण वाचतो ती ग्रीकांच्या, व्हेनिसकरांच्या, साधूंच्या लेखणीतून. आपल्या बाजूने कोण बोलते? कल्याणच्या व्यापाऱ्याने त्या गोऱ्या खलाशांविषयी काय म्हटले, बंदर अडले तेव्हा त्याच्या घरी काय स्थिती झाली, यांपैकी काहीही लिहिलेले उरलेले नाही. आपले पूर्वज लिहीत नसत, असे म्हणून मोकळे होता येत नाही. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या लोकांचे लेख ठायी ठायी कोरलेले आहेत. कार्ले व जुन्नर येथे तर यवन दात्यांचेही आहेत. लिहिता येत होते, खर्चही झेपत होता. पण दगडावर कोरावयाचे ते आपण काय दिले एवढेच. काय पाहिले ते नव्हे. या वृत्तीत विनय किती आणि दुसऱ्याविषयीची बेपर्वाई किती, याचा निवाडा आम्हांस अद्याप करता आलेला नाही. सुटीहून परतलेली मंडळीही शेकडो छायाचित्रे आणतात, पण चार पाने लिहीत नाहीत. तेव्हा जुन्यांनाच दोष का द्यावा?

कान्हेरीच्या त्या लेखांत कल्याणच्या एका सोनाराचा लेख आहे. त्याचे नाव सामिदत, म्हणजे स्वामिदत्त. प्लिनी ज्याच्यासाठी हळहळत होता त्या परदेशी सोन्यापैकी थोडेबहुत अशाच एखाद्या सोनाराच्या मुशीत वितळले असणे शक्य आहे. त्याने त्याविषयी अक्षर लिहिले नाही. भिक्षूंसाठी पाण्याचे एक टाके आपण खोदून दिले, एवढीच ओळ त्याने मागे ठेवली. कान्हेरीच्या डोंगरातली टाकी पावसाळ्यात अजून भरतात.